घरात एकटे असताना लागलं तर

परदेशात नवीन घर लावताना पहिल्या काही आठवड्यांतच काहीतरी लागतं. खोकी फोडताना सुरी निसटते, कपाट जोडताना बोटात कूस जाते, नाहीतर अनोळखी शेगडीवर मनगट भाजतं. अशा वेळी जखम बघायला शेजारी कोणी नसतं, म्हणून हे आधीच वाचून ठेवा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड किंवा गॉझ ठेवून सलग 10 मिनिटं घट्ट दाबा आणि हात वर धरा. थांबलं का ते बघायला मध्येच कापड उचलू नका, नुकती धरलेली गुठळी सुटते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा.

मग धुणं. यात कंटाळा करू नका, कारण जखम चिघळेल की नाही ते बरंचसं इथेच ठरतं. आधी हात साबणाने धुवा, मग जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली पाच-दहा मिनिटं धरा. साबण जखमेभोवती लावा, आत नको. चुरचुरलं म्हणजे औषध लागू पडलं, असं मीही वर्षानुवर्षं मानत होतो आणि स्पिरिट ओतत होतो. पण स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जखम भरून आणणाऱ्या पेशींनाही इजा करतात.

‘उघडी ठेव, वारा लागू दे’ हाही असाच जुना सल्ला. 1962 साली संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग केले. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने आली. कोरड्या खपलीखालून पेशींना वाट काढत सरकावं लागतं, ओलाव्यात त्या सहज पसरतात. म्हणून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या आणि वर न चिकटणारी पट्टी लावा. ती रोज बदला, भिजली तर लगेच. कापूस थेट ठेवू नका, तंतू आत अडकतात. स्वच्छ, किरकोळ जखमेला अँटिबायोटिक मलम सहसा लागत नाही. अनेक देशांत ते चिठ्ठीशिवाय मिळतही नाही, तेव्हा त्यासाठी धावपळ नको.

भाजलं तर अंगठी, घड्याळ लगेच काढा आणि 20 मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको. फोड फोडू नका. तुमच्या हातापेक्षा मोठा भाग भाजला असेल, किंवा चेहरा भाजला असेल, तर डॉक्टरकडे जा.

जखमेच्या कडा उघड्या राहिल्या, दाबूनही रक्त थांबेना, बोट बधिर झालं किंवा वाकेना, तर त्याच दिवशी दाखवा. प्राणी चावला तर साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि ओरखडा वाटला तरी लगेच जा. नंतरच्या दिवसांत लाली पसरू लागली, ठणका वाढला, पू किंवा ताप आला, तरी थांबू नका. मधुमेह असेल तर पायाची छोटी जखमही दाखवा.

तिथे हमखास विचारतात, धनुर्वाताची लस कधी घेतली? मूळ डोस पूर्ण असतील तर शेवटचा डोस स्वच्छ छोट्या जखमेसाठी 10 वर्षं चालतो, मातीने भरलेल्या किंवा खोल जखमेसाठी 5. तारीख आठवत नसेल तर आजच घरी फोन करा, जुनी फाइल काढायला सांगा आणि त्या पानाचा फोटो मागवून घ्या.