बायकांचे कपडे आयात करताना कोडच्या या चुका टाळा

"भाऊ, ड्यूटी सगळीकडे २० टक्केच, मग कोड कुठलाही टाका ना." इंदूरच्या सीतलामाता बाजारातला दुकानदार पहिल्यांदा बाहेरून माल मागवतो, तेव्हा हे वाक्य ठरलेलं. कोड म्हणजे कस्टम्सच्या दरपत्रकात, टॅरिफमध्ये, प्रत्येक प्रकारच्या मालाला दिलेला क्रमांक. या टॅरिफमध्ये मात्र पुष्कळ तयार कपड्यांपुढे '२० टक्के किंवा नगामागे इतके रुपये, यांत जे जास्त ते' असं लिहिलेलं असतं. स्वस्त टॉपवर टक्के बाजूला राहतात आणि ते रुपयेच लागतात. ते कोडप्रमाणे बदलतात.

इन्व्हॉइसवर छापलेला परदेशी कोड जसाच्या तसा उतरवू नका. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे दोन आपले. आणि २०११ पासून सेल्फ-असेसमेंट आहे, कोड आणि ड्यूटी आयातदारानेच ठरवायची; म्हणजे चुकलं तर पुरवठादाराला कोणी विचारत नाही, तुम्हालाच विचारतात.

कापड ताणलं जातं म्हणजे होजिअरी (टाक्यांनी विणलेलं), हा दुसरा गैरसमज. लायक्रावाली डेनिमही ताणली जाते, पण ती मागावरची. भिंग घ्या. एकात एक अडकलेले टाके दिसले तर टॅरिफचा अध्याय ६१, उभे-आडवे धागे दिसले तर ६२. ब्रेसियर तेवढी कशाचीही असो, ६२१२ मध्येच जाते.

मिश्र कापडात तर हिशेबच फसवा. समजा लेबलवर कॉटन ४५, पॉलिएस्टर ३०, व्हिस्कोस २५ टक्के आहे. कॉटन सगळ्यात जास्त, म्हणून कॉटनचा कोड? नाही. पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस दोन्ही मानवनिर्मित, त्यांची आधी बेरीज होते: ५५. मग त्या दोघांत पॉलिएस्टर जड, म्हणून कपडा सिंथेटिकमध्ये. हे सगळं वजनावर चालतं, आणि शंका आली की नमुना लॅबमध्ये जातो.

आता खिसा. बायकांनी वर्षानुवर्षं मागितला आणि अखेर कुर्तीला मिळाला, तर टॅरिफला तोही खुपतो! कमरेखाली खिसा असेल, किंवा खालचा घेर आवळायला नाडी-इलॅस्टिक असेल, तर कपडा ब्लाउज-शर्टच्या सदरात बसत नाही. होजिअरीला हा नियम आधीपासून होता, मागावरच्या कापडाला १ जानेवारी २०२२ पासून लागला. मागावरच्या कापडाची अशी कुर्ती ६२०६ (ब्लाउज-शर्ट) मधून बाहेर पडते आणि बहुतेकदा ६२११ (इतर कपडे) कडे पाहावं लागतं. शिवणीत दडलेला खिसा फोटोत दिसत नाही, म्हणून नमुना हातात घेऊन चाचपा.

माझ्या हातून झालेली चूक को-ऑर्ड सेटची, म्हणजे जोडीने विकल्या जाणाऱ्या टॉप-पँटची. छापील टॉप, त्याच रंगछटेची साधी पँट, एकाच पिशवीत पॅक. मी सरळ 'एन्सेम्बल' (एकच संच धरलेले कपडे) लिहिलं. पिथमपूरच्या आयसीडीत (बंदरापासून दूरच्या कस्टम्स डेपोत) तपासणी झाली आणि अधिकाऱ्याने दोन्ही कापडं शेजारी ठेवून विचारलं, हे एकच आहे का? नव्हतं. एन्सेम्बलसाठी सगळ्या नगांची वीण, शैली, रंग आणि धाग्याचं मिश्रण एकच लागतं, मापंही जुळावी लागतात. टी-शर्ट तर त्यात धरलाच जात नाही. सेट फुटला की टॉप ६२०६, पँट ६२०४, आणि नगामागची ड्यूटी प्रत्येक नगावर वेगळी. एकत्र पॅकिंगने काही साधत नाही; दुकानात तो सेट असेल, कस्टम्समध्ये दोन कपडे. त्या खेपेला ग्राउंड रेंटही (माल अडकून पडल्याचं जागाभाडं) भरला तो वेगळाच.

युनिसेक्स शर्टला पुरुषांचा कोड लावणारेही भेटतात. समोरची पट्टी उजवी डावीवर येत असेल तर बायकांचा, डावी उजवीवर असेल तर पुरुषांचा. काहीच ठरवता येत नसेल तर तो बायकांच्या सदरात जातो.

चूक झालीच तर? बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला द्यायचा आयातीचा अर्ज) भरल्यावर, माल सुटण्याआधी लक्षात आली तर कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्ती मागा. माल सुटल्यावर याच कलमाखाली मागितली तर माल सुटताना अस्तित्वात असलेल्या कागदांवरच ती होते, नंतर बनवून आणलेलं पत्र चालत नाही. म्हणून गिरणीचा स्पेक-शीट, धाग्याची टक्केवारी आणि आतून-बाहेरून फोटो शिपमेंटच्या आधीच, तारखेसह मागवून ठेवा. एकच डिझाइन वारंवार येणार असेल तर ॲडव्हान्स रुलिंगचा, म्हणजे कोडबद्दल आधीच लेखी निर्णय मागण्याचा, अर्ज परवडतो. तो माल निघण्याआधी करायचा, न्हावा-शेवाला कंटेनर लागल्यावर नव्हे.