नवीन गाडी ताब्यात घेण्याआधी तिची जोडणी कशी वाचायची, लाइनवर काम केलेल्या माणसाकडून

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आपल्याकडे शोरूमसमोर जी गर्दी असते ती बघून गाडी घेणाऱ्याला घाम फुटत नाही पण मला फुटतो, कारण मी चार वर्षं चाकणला एका दुचाकीच्या कारखान्यात गाड्या जोडायच्या लाइनवर उभा होतो आणि आता पाचोऱ्यात गॅरेज चालवतो, म्हणजे गाडीचं बाळंतपण पण बघितलंय आणि दवाखाना पण बघतोय. लोक हार, नारळ, लिंबू, पेढे सगळं घेऊन येतात, फोटो काढतात, रंग बघतात, गाडी कोणी बघत नाही. मग तीन महिन्यांनी माझ्याकडे येऊन, "भाऊ, हाई गाडी वाजी ऱ्हायनी, कंपनीनेच लोचा केलाय."

कधी असतो कंपनीचा लोचा, नाही असं नाही. पण माझ्या गॅरेजात येणाऱ्या बऱ्याच नव्या गाड्यांचा लोचा कंपनीच्या गेटबाहेर झालेला असतो. हे वेगळं कसं ओळखायचं ते सांगतो, त्यासाठी कारखान्यात गाडी जोडतात कशी ते थोडं माहीत पाहिजे, तेवढं आधी ऐकून घ्या.

मशीन चुकलं तर सगळ्या गाड्यांत एकसारखं चुकतं, माणूस चुकला तर एखाद्याच गाडीत चुकतो. रोबोटला वेल्डिंगचा पॉइंट दोन मिलिमीटर बाजूला शिकवला गेला तर तो शिफ्ट संपेपर्यंत इमानदारीत दोन मिलिमीटर बाजूलाच मारत राहणार, त्याला कंटाळा येत नाही तसा संशय पण येत नाही. माणसाचं उलटं, शंभर गाड्या नीट जातात आणि जेवणानंतर बाजूच्याशी बोलता बोलता एक क्लिप राहून जाते. म्हणून शोरूममध्ये तुमच्या गाडीत काही खटकलं तर लगेच आवाज चढवू नका, त्याच मॉडेलच्या शेजारच्या दोन गाड्या बघा. टाकी आणि साइड पॅनेलमधली फट तिन्ही गाड्यांत तेवढीच असेल तर ते डिझाइनचं नाहीतर साच्याचं काम आहे, गाडी बदलून काही होणार नाही, पटत नसेल तर मॉडेल बदला. फट फक्त तुमच्याच गाडीत जास्त असेल तर मात्र दुसरी मागायचीच. ही एवढी एक सवय लावली तरी अर्धं भांडण मिटतं.

लाइन ही काही आजची भानगड नाही. फोर्डने १९१३ ला हायलंड पार्कच्या कारखान्यात चेसिस सरकती ठेवायला सुरुवात केली आणि साडेबारा तासांचं काम साधारण दीड तासावर आणलं. पण नुसत्या वेगाने गाडी चांगली होत नाही, चूक व्हायलाच जागा ठेवायची नाही हे डोकं जपानमध्ये लावलं गेलं, १९६० च्या दशकात शिगेओ शिंगो नावाच्या इंजिनीअरने. आधी त्याला बाका-योके म्हणायचे, म्हणजे मूर्ख माणसापासून बचाव, पण एका कामगार बाईला ते फार लागलं, मी काय मूर्ख आहे का म्हणून, तेव्हा नाव बदलून पोका-योके केलं, म्हणजे नजरचुकीपासून बचाव. मला हा किस्सा ट्रेनिंगला सांगितला होता आणि पूर्ण ट्रेनिंगमधलं तेवढंच आजपर्यंत लक्षात आहे. तुमच्या गाडीत बघायचं असेल तर सीट काढा आणि वायरिंगचे कप्लर, म्हणजे वायरी जोडायचे प्लग, बघा, आकार वेगळे, रंग वेगळे, एकाचा दुसऱ्यात घुसतच नाही. अंधारात जोडलं तरी चुकणार नाही असं ते काम आहे.

आता बोल्टचं, इथे जरा थांबा

लाइनवर माझ्या स्टेशनला, म्हणजे माझ्या कामाच्या जागेवर, मागच्या चाकाचा एक्सल आणि शॉकअपचे खालचे बोल्ट होते. बोल्ट आवळायची गन वरून लटकलेली, साधी हवेवरची नाही, करंटवरची, ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळायच्या जोराला, पोचली की आपोआप थांबते आणि हिरवा दिवा लागतो. लाल लागला की तो बोल्ट पुन्हा. मोजणी पूर्ण झाल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनला सरकतच नाही, तुम्ही कितीही घाईत असा. एका गाडीला मिनिटभर पण मिळायचं नाही. आणि शेवटी हातात पिवळा मार्कर, नट आणि शेजारचं लोखंड दोन्हीवरून मिळून एक सरळ रेघ मारायची. बस, ती रेघ हीच माझी सही होती, आणि आज तीच तुमच्या कामाची आहे.

टॉर्कचं एवढं कौतुक कशासाठी तर बोल्ट हा खिळा नाही, स्प्रिंग आहे. आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने दोन भाग धरून ठेवतो. आपण पान्यावर जो जोर लावतो त्यातला साधारण १० टक्केच ताण द्यायला जातो, बाकीचा बोल्टच्या डोक्याखाली आणि आट्यांत घासण्यात जातो. म्हणून आट्यांना ऑइल लागलं की गणित बदलतं, घासणं कमी झालं, तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला, आणि खाली ॲल्युमिनियमचे आटे असतील तर बाहेरच येतात. आपल्याकडे जो उस्ताद पान्याला पाइप लावून "एकदम टाइट केला भाऊ" म्हणतो ना, त्याने गाडी मजबूत नाही केली, बोल्टचा जीव घेतला.

रेघ कशी वाचायची? मोबाइलची टॉर्च घ्या आणि इंजिन माउंटिंग, चिमट्याचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) बोल्ट, शॉकअप, ब्रेक कॅलिपर, हँडलचे क्लॅम्प एवढं बघा. रेघ सलग असेल तर कंपनीनंतर तिथे कोणी हात लावलेला नाही. रेघच नसेल तर घाबरू नका, सगळ्या बोल्टना मारत नाहीत आणि प्रत्येक कंपनीचा रंग आणि पद्धत वेगळी. पण रेघ आहे आणि तुटलेली आहे, म्हणजे नटावरचा तुकडा एका दिशेला आणि फ्रेमवरचा दुसऱ्या दिशेला, तर नंतर कोणीतरी पाना लावलाय आणि तो का लावला हे तुम्ही विचारायचं.

माझ्या आतेभावाची गाडी एका शोरूममधून आखाजीलाच काढलेली, नाव नाही घेत. आठशे किलोमीटर झाले आणि फूटरेस्टवर पाय ठेवला की मुंग्या यायच्या एवढं व्हायब्रेशन. शोरूमवाले म्हणे नवीन इंजिन आहे, सेट होईल, दुसऱ्यांदा गेला तर म्हणे या मॉडेलला असंच असतं. माझ्याकडे आणली, खाली बसून टॉर्च मारली तर इंजिन माउंटिंगच्या एका नटावर रेघ तुटलेली आणि लेगगार्डची पट्टी त्याच बोल्टवर. काय झालेलं ते लगेच कळलं, लेगगार्ड बसवायला त्यांनी तो बोल्ट काढला, पट्टी मध्ये घातली आणि हाताने अंदाजे आवळून दिला, वर वायसर एक गायब. वायसर टाकला, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर नट आवळला, चहा व्हायच्या आत काम झालं आणि मुंग्या गेल्या. कंपनीने दिवे लावून, मोजणी ठेवून जो बोल्ट आवळला तो शेवटच्या दहा फुटांत कोणीतरी अंदाजपंचे करून टाकला.

हे ध्यानात ठेवा, गाडी कारखान्यातून ट्रकमध्ये येते तेव्हा ती पूर्ण नसते. आरसे, बॅटरीची जोडणी, लेगगार्ड, साडीगार्ड, नंबर प्लेट असली कामं बहुतेक शोरूमच्या मागच्या शेडमध्ये होतात आणि काही गाड्यांत लेगगार्ड-साडीगार्ड हे इंजिनच्या किंवा शॉकअपच्या बोल्टवरच बसतात. त्या शेडमध्ये गनला दिवा नसतो. सणाच्या दिवशी तर एका पोराच्या अंगावर कितीतरी गाड्या, तो तरी काय करणार.

म्हणून कधी जायचं

सणाच्या आदल्या दिवशी नाही, दोन-चार दिवस आधी जा आणि पासिंगच्या आधी जा. एकदा गाडीवर तुमच्या नावाने नंबर पडला की ती गाडी तुमची, मग बदलून मिळायचं स्वप्न बघू नका. चेसिस नंबर मागा, तीच गाडी दाखवा म्हणा. नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. कंपनीकडून गाडीबरोबर येणाऱ्या फॉर्म २२ या कागदावर कधी बनली तो महिना आणि वर्ष येतं, ते बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे सापडतील, समजा १८२४, म्हणजे २०२४ चा अठरावा आठवडा. गाडी आणि टायर दोन्ही जुने असतील आणि ती यार्डात आपल्या मे महिन्यात उघड्यावर उभी राहिलेली असेल तर रबर आणि बॅटरीला त्रास झालेला असणारच, व्होल्टमीटर असेल तर उभ्या गाडीची बॅटरी १२.४ च्या खाली नको. मीटरवर दोन-चार किलोमीटर दिसले तर मात्र वाद घालू नका, लाइनच्या शेवटी रोलरवर पळवून ब्रेक आणि हेडलाइट तपासतात.

मग गाडी मेन स्टँडला लावा, मागून एकाला दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचलेल. हँडल मधे धरून हळूच सोडा, दोन्ही बाजूंना आपल्या वजनाने सरळ पडलं पाहिजे. मधेच अडकतंय, दाणे लागल्यासारखं होतंय तर कोन सेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) जास्त टाइट आहे नाहीतर केबल कुठेतरी ओढली जातेय. आता खालून शॉकअप धरून मागे-पुढे हलवा, टक टक आलं तर कोन सेट ढिल्ला. टाइट असेल तर गाडी सरळ रस्त्यावर पण डुलते आणि ढिल्ला असेल तर ब्रेकला ठोका देते, दोन्ही वाईट.

गाडी चालू करा, रेस न देता हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा. आवाज वाढला तर ॲक्सिलेटरची केबल चुकीच्या बाजूने नेलीय. हे मला सगळ्यात आवडतं, दोन सेकंदांचं काम आणि माणूस चुकला की नाही ते लगेच कळतं. त्याच जागी हँडलखाली वायरिंग बघा, क्लिपमध्ये आहे का, फ्रेमला घासत नाही ना. पुढच्या चाकाला एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर सेन्सरची वायर शॉकअपला धरून क्लिपमधूनच खाली आली पाहिजे, टायरकडे झुकलेली नको.

मागचं चाक फिरवत चैन तीन-चार ठिकाणी बोटाने उचलून बघा. किती सैल हवी ते मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच साध्या गाड्यांना २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास, पण एका ठिकाणी ताठ आणि दुसऱ्या ठिकाणी लोंबकळत असेल तर विचारा. चिमट्यावर दोन्ही बाजूंना खुणा असतात, एक्सल दोन्हीकडे सारख्याच खुणेवर आहे का मोजा.

वेल्डिंगचं लोक उगाच टेन्शन घेतात. रोबोटचा टाका माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा दिसतो, हाताचा थोडा वरखाली, आणि अडचणीच्या ब्रॅकेटला हातानेच मारतात, त्यात वावगं काही नाही. बघायचं ते टाक्यात बारीक भोकं आहेत का, कडेला फ्रेमचा पत्रा खाल्लाय का आणि उडालेल्या गोळ्या रंगाखाली तशाच राहिल्यात का. टाकीखाली हँडलच्या मानेपाशी आणि चिमट्याच्या बोल्टपाशी बघा, सगळा भार तिथेच येतो. फ्रेमला खाली बारीक भोकं दिसतील ती चूक नाही, फ्रेम रंगाच्या टाकीत बुडवतात आणि नंतर तो निथळायला ती भोकं लागतात, कोणी हुशारीने एमसीलने बुजवू नका.

रंगाचं पण एक सांगून टाकतो. हाताने केलेलं म्हणजे भारी आणि मशीनचं म्हणजे हलकं असं काही नसतं. रॉयल एनफिल्डच्या चेन्नईच्या कारखान्यात टाकीवरची बारीक सोनेरी रेघ कारागीर हाताने ओढतात, ती केसभर इकडेतिकडे असली तर तिची शोभा आहे. पण तोच केसभर फरक बेअरिंगच्या फिटिंगमध्ये आला तर बेअरिंग गेलं.

इंजिनला हात लावू नका. ते वेगळ्या लाइनवर होतं, आत हवा भरून लीक तपासतात आणि बऱ्याच ठिकाणी पेट्रोल न जाळता मोटरने फिरवूनच बघतात, रस्त्यावर उभं राहून आपण त्याच्यापेक्षा जास्त काही बघू शकत नाही. पहिल्या सर्व्हिसला मात्र स्वतः जा, गाडी ठेवून शेवभाजी खायला जाऊ नका. ऑइल काढताना समोर उभे राहा, बारीक चमचम दिसली तर नव्या इंजिनात ते असतंच, बोटाला लागेल असा तुकडा निघाला तर फोटो काढून जॉबकार्डवर लिहून घ्या. लेगगार्ड आणि साडीगार्डचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा असं पण त्याच कार्डवर लिहायला लावा, तोंडी सांगितलेलं शेडपर्यंत पोचत नाही.

आणि दुधाचे कॅन किंवा केळीचे घड न्यायला ज्यांना मागे कॅरिअर करायचंय त्यांनी शक्यतो बोल्टवर बसणाराच करा. फ्रेमला वेल्डिंग मारलं की आतला-बाहेरचा रंग जळतो आणि पहिल्या पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. मारायचंच असेल तर १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाडीला आधी बॅटरीची मायनस वायर काढा, ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, कप्लर काढा आणि वेल्डरला सांगा अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लाव. तो म्हणेल काही होत नाही भाऊ, रोज मारतो. तरी काढायला लावा.