दृष्टी गेलेल्या माणसाला बोलता फोन कसा लावून द्यावा

काचबिंदूने किंवा मधुमेहाने दृष्टी गेली की माणसाचं अडतं ते रोजच्या बारीक गोष्टींत: ही गोळी कुठली, नोट कितीची, पत्र कुणाचं. यातलं बरंचसं आता साधा अँड्रॉइड फोनही सांगू शकतो. मात्र फोन पहिल्यापासून त्यांच्याच हातात हवा. आपण भराभर करून दिलं तर त्यांना ते कधीच येत नाही.

आधी सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, सुरू करा आणि मराठी आवाज निवडा. बोट जिथे टेकेल तिथलं फोन वाचतो, दोनदा टिचकी मारली की ते उघडतं, दोन बोटांनी पान सरकतं. एवढंच रोज थोडं करू द्या. बोलण्याचा वेग सुरुवातीला कमी ठेवा.

नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचं २०२० साली आलेलं ‘मनी’ अ‍ॅप घ्या. त्याला इंटरनेट लागत नाही, दुमडलेली नोटही ओळखतं. नोट खरी की खोटी, हे मात्र ते सांगत नाही.

पत्रं आणि डबे-पाकिटांसाठी ‘बी माय आईज’. डेन्मार्कमधलं हे अ‍ॅप २०१५ पासून कॅमेऱ्यातून पाहून सांगणाऱ्या डोळस स्वयंसेवकांना व्हिडिओ कॉल जोडून देतं; २०२३ पासून त्यातली एआयसुद्धा फोटो पाहून वर्णन करते. फोटो नीट यावा म्हणून फोन कागदाच्या मधोमध आडवा टेकवून सरळ फूटभर वर उचलायला शिकवा. खोलीतला दिवा लावायची सवयही लावा. त्यांना त्याची गरज नसते, कॅमेऱ्याला असते.

औषधांच्या बाबतीत फार जपा. अक्षरं पुसट असली तर एआय अंदाजाने शब्द भरते आणि तेही ठामपणे वाचते. म्हणून ‘जे स्पष्ट दिसत नाही ते वेगळं सांग’ असं विचारायला लावा, पट्टी थोडी तिरकी धरून दुसरा फोटो घ्या. औषधाचं नाव आणि मुदत छापलेली बाजू शेवटपर्यंत न कापता ठेवायला दुकानदाराला सांगा. नवीन गोळी पहिल्यांदा घेण्याआधी ती डोळस माणसाने किंवा स्वयंसेवकाने पाहिलीच पाहिजे. नंतर ओळखायला पट्टीला रबर गुंडाळा: सकाळच्या गोळीला एक, रात्रीच्या गोळीला दोन.

एटीएम कार्ड, पासबुक यांचे फोटो एआयला देऊ नयेत, ते इंटरनेटवरून बाहेर जातात. टॉकबॅक ओटीपीही मोठ्याने वाचतो, तेव्हा बँकेच्या कामाला एका कानात इअरफोन घालायला सांगा; दुसरा कान आजूबाजूला काय चाललंय ते ऐकायला मोकळा राहू द्या.