हिवाळ्यात कोंबडी आणि बदकाची पिल्लं जगवताना

दिवाळी सरली की खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायला चांगले दिवस. पावसाळ्यातली ओल आणि रक्ती हगवण मागे पडलेली असते, उन्हाळ्यासारखी अंडी तापूनही बाद होत नाहीत. गावरान कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. आठवड्याच्या आतली, न धुतलेली, तडा नसलेली निवडा. सातव्या-आठव्या रात्री बॅटरीच्या उजेडात धरून पाहा. लाल शिरा दिसल्या तर ठेवा, आरपार स्वच्छ दिसलं तर काढा. २१व्या दिवशी पिल्लं निघतात.

बदकाच्या अंड्यांना २८ दिवस लागतात. खाकी कॅम्पबेल ही बदकाची जात सहसा स्वतः उबवत नाही, म्हणून तिची पाच-सहा अंडी कोंबडीखाली ठेवावी लागतात. मात्र दोन्ही जातींची अंडी एकत्र नकोत! आधी निघालेल्या पिल्लांमागे कोंबडी उठते आणि बदकाची अंडी गार पडतात.

खरी काळजी पुढेच. थंडीत पिल्लं दगावतात ती बहुतेक पहिल्या आठवड्यातल्या रात्री. आई नसेल तर पिल्लामागे २ वॅट धरून पिवळा बल्ब लावा. एलईडीला ऊब नसते. पिल्लांच्या पातळीला ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करा. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात: बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवत असतील तर बल्ब खाली घ्या, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर वर. खाली भाताचा कोरडा तूस पसरा. गुळगुळीत वर्तमानपत्र नको, त्यावर पाय फाकतात.

बदकाच्या पिल्लांना नाकपुड्या बुडतील एवढं पाणी द्या, पण पिसं येईपर्यंत पोहायला सोडू नका. बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड त्यांना विषच.

साधी कोंबडीजाळी पिल्लांना आत ठेवते, मुंगसाला आणि सापाला बाहेर ठेवत नाही. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा, ती वीतभर जमिनीत गाडा. दिवसा घारीसाठी डालं किंवा दाट झुडपाचा आडोसा असू द्या.

कोंबडीच्या पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस डोळ्यात एक थेंब द्या. लहानात लहान कुपीही बहुधा १०० मात्रांची असते आणि कालवल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून शेजारच्या चार घरांनी दिवस ठरवून, बर्फाच्या थर्मासमधून एकच कुपी आणावी.