स्वस्त रोड सायकल पारखून घेताना
कमी किमतीची रोड सायकल निवडताना गिअरच्या संख्येपेक्षा फ्रेमच्या मापाला अधिक महत्त्व द्यावे, कारण मागे ८ गिअर असलेला शिमानो कंपनीच्या क्लॅरिससारखा साधा गिअर-संच नीट जुळवला तर वर्षानुवर्षे चालतो, पण चुकीच्या मापाची फ्रेम मागाहून बदलता येत नाही. दुकानातच पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागेपुढे हलवावी. हँडलखाली खटखट जाणवली, तर हेडसेट (हँडल ज्यावर वळते ते फ्रेममधले बेअरिंग) सैल आहे असे समजावे. मग चाक उचलून फिरवावे आणि रिम व ब्रेक पॅड यांमधली फट सर्वत्र सारखी राहते का, हे जवळून पाहावे. हँडलचे बोल्ट आणि पेडल मेकॅनिककडून पुन्हा कसून घ्यावेत (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात). नव्या केबल सुरुवातीला थोड्या ढिल्या पडतात, त्यामुळे गिअर अडखळू लागले तरी सायकल सदोष मानू नये. केबलचा ताण जुळवून घ्यावा.