पाणी सुटतं तेव्हा लेकरू कुणाकडे आहे?

सोलापुरात नळाला रोज पाणी नाही. काही दिवसांआड पाणी सुटलं की हौद, पिंप, बादल्या, घागरी, सापडेल ते आपण भरून ठेवतो. म्हणून 'बादली कधीही भरलेली ठेवू नका' हा सल्ला इथे चालत नाही. पाणी राहणारच आहे. लेकराचा हात तिथे पोचू द्यायचा नाही, एवढं आपल्या हातात आहे.

आधी रांगत्या पोराच्या उंचीला खाली बसा आणि घरभर नजर फिरवा. मोरीतली बादली, फरशी पुसायचं पाणी, कूलरची टाकी, अंगणातला हौद. बुडायला पाच सेंटिमीटर पाणीही पुरतं, नाक-तोंड बुडालं की झालं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. वाकून बघताना तोल गेला की ते डोक्यावरच आत जातं आणि स्वतःला वर ओढायची ताकद हातात नसते. पंधरा लिटरची भरलेली बादली पंधरा किलोची, वर्षाचं पोर नऊ-दहा किलोचं. त्याच्या धडपडीने बादली उलटतही नाही. आणि आवाज येत नाही. 'पडलं तर रडेल, कळेल' या भरवशावर कृपा करून राहू नका.

मग झाकणं. पिंपावर नुसतं ताट किंवा फळी ठेवणं म्हणजे झाकण नव्हे. फिरवून घट्ट बसणारं झाकण असलेलंच पिंप घ्या. हौदाला आणि जमिनीखालच्या टाकीला लोखंडी झाकण, कडी आणि कुलूप हवं. मोटर लावताना उघडलेलं झाकण 'आत्ता लावते' म्हणून तसंच राहतं, तेवढं सांभाळा. हौदाशेजारी स्टूल किंवा पालथी बादली नको, पोरं त्यावर चढतात. घट्ट झाकणाने डेंग्यूचे डासही आत अंडी घालत नाहीत.

भरलेल्या बादल्या मोरीत ठेवा आणि दाराला बाहेरून, वरच्या बाजूला कडी लावा. धुण्याचं उरलेलं पाणी संडासात ओतून बादली लगेच पालथी घाला.

सगळ्यात धोक्याचा वेळ म्हणजे पाणी सुटल्याचा तास. सगळं घर नळाशी धावतं. आपल्याकडे घरोघरी बायका विड्या वळतात, त्यांचे हात आधीच सुपात गुंतलेले असतात. अशा वेळी 'जरा लक्ष ठेवा गं' असं सगळ्यांना म्हटलं की कुणाचंच लक्ष नसतं. नाव घेऊन सांगा: "आत्या, बाळ तुमच्याकडे." ती व्यक्ती मोठी हवी, सात-आठ वर्षांच्या ताईवर हे ओझं टाकू नका. घरात एकट्याच असाल तर एक घागर कमी भरा, पण लेकरू कडेवर घ्या. आंघोळ घालताना कुणी हाक मारली तर ओल्या अंगानेच त्याला उचलून न्या.

अंघोळीच्या पाण्यात आधी गार, मग गरम ओता. हीटरचा रॉड लावलेली बादली मूल असलेल्या खोलीत नकोच.

मूल दिसेनासं झालं तर आधी पाण्यात बघा, शेजारी नंतर शोधा.

पाण्यातून काढल्यावर पोट दाबू नका, उलटं धरून गरगर फिरवू नका. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालू नसेल तर कठीण जागेवर उताणं झोपवा, हनुवटी उचला आणि तोंडाने पाच वेळा हवा फुंका. तान्ह्या बाळाचं नाक-तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्या. छाती वर आली पाहिजे. मग छातीच्या मधोमध 30 दाब, पुन्हा दोन श्वास, असं न थांबता करत राहा. तान्ह्याला छातीभोवती हात धरून दोन्ही अंगठ्यांनी, मोठ्या मुलाला एका तळहाताने दाबा. छाती एक तृतीयांश खाली जावी आणि मिनिटाला 100 ते 120 दाब पडावेत. तेवढ्यात दुसऱ्याने 108 ला फोन करावा. एकटे असाल तर फोन स्पीकरवर टाका.

मूल रडायला लागलं, खेळायला लागलं, तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात पाणी गेलेलं असेल तर श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.