फिरतीवरच्या माणसाने नेटचा पॅक कसा निवडावा

नेटचा पॅक घेताना बहुतेक जण आधी किंमत बघतात, मग रोजचे जीबी. रेंजची आठवण होते ती थेट घाटात. ट्रकवर असणारे, पर्यटकांच्या गाड्या चालवणारे, मधपेट्या घेऊन जिल्हे पालथे घालणारे, व्हॅनमध्ये लॅपटॉप ठेवून नोकरी करणारे, अशा सगळ्यांनी हा क्रम उलटा करावा. फिरतीवर जीबी क्वचित कमी पडतात, टॉवर मात्र नेहमी कमी पडतो. एका कंपनीचा रोज ३ जीबीचा महागडा पॅक घेण्यापेक्षा दोन वेगळ्या कंपन्यांचे साधे पॅक जवळपास कायम जास्त उपयोगी पडतात.

आता ‘दोन वेगळ्या’ म्हणजे नक्की काय वेगळं, ते बघा. लहरींची वारंवारता जितकी कमी, तितका सिग्नल लांब जातो आणि भिंती-झाडांतून जास्त पार होतो. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झ हे लांब पल्ल्याचे बँड (वारंवारतेचे पट्टे), तर २३०० आणि ३५०० मेगाहर्ट्झ शहरात वेग देतात पण थोड्या अंतरातच दमतात. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० वर चालतं. एअरटेल आणि व्हीआय यांच्याकडे लांब पल्ल्यासाठी ९०० आहे. बीएसएनएलचं नवं ४जी मुख्यतः ७०० आणि २१०० वर आहे. म्हणून कुठलंही जुनं डोंगल किंवा परदेशातून आणलेला फोन वापरणार असाल, तर त्यात बँड १ (२१००), ३ (१८००), ५ (८५०), ८ (९००), २८ (७००) आणि ४० (२३००) आहेत का, हे आधी तपासा. बँड २८ नसलेल्या डोंगलमध्ये बीएसएनएलचं सिम घालून ‘यांची रेंजच नाही’ म्हणणारे पुष्कळ आहेत.

दुसरा फरक कॉलचा. जिओकडे २जी नाही, त्यामुळे तिथे ४जी गेलं की कॉलही गेला. बाकीच्यांच्या सिमवर आडरानात निदान २जी उरतं आणि फोनवर ‘ई’ हे अक्षर दिसतं. त्यावर बोलता येतं, पण यूपीआयचा व्यवहार बहुधा अर्ध्यात अडकतो. म्हणून जोडी लावताना एक सिम जिओचं घेतलं, तर दुसरं २जी असलेल्या कंपनीचं असावं.

कुठली कंपनी कुठे चालते, हे दुकानदाराला विचारू नका. त्याला त्याच्या चौकातलं माहीत असतं. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमामुळे आता सगळ्या कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचा नकाशा ठेवावा लागतो. तो उघडून स्वतःचा रस्ता टप्प्याटप्प्याने बघा: कोकणात उतरणार असाल तर ताम्हिणी, वरंधा किंवा आंबोली, विदर्भात असाल तर मेळघाट किंवा भामरागडकडचा पट्टा. हे नकाशे संगणकाने काढलेले असतात, म्हणून दरीतली गावं त्यांत हिरवी दिसली तरी लगेच खूश होऊ नका. मुक्कामाच्या गावातल्या लॉजला किंवा ढाब्याला फोन करून ‘तुमच्याकडे कुठल्या कंपनीवर यूपीआय चालतं?’ असं विचारा. खरं उत्तर तिथून मिळतं.

किती नेट लागतं, ते आधी मोजा

हिशेबाचा एक आकडा लक्षात ठेवा: १ एमबीपीएसचा प्रवाह तासभर चालला की ४५० एमबी जातात. बाकी सगळं त्यावरून काढता येतं. नकाशा बघत गाडी चालवायला तासाला साधारण ५ एमबी पुरतात, आणि भाग आधीच उतरवून ठेवला तर त्याहून कमी. बिल्टीचा किंवा पोच पावतीचा फोटो पाठवला तर दोन-चार एमबी. लांबच्या व्हिडिओला ४८० च्या दर्जावर तासाला अर्धा जीबी, ७२० वर एक ते दीड. अनेक माणसांच्या व्हिडिओ मीटिंगला तासाला एक जीबी धरा, चांगल्या दर्जावर दोनच्या वर. तीच मीटिंग कॅमेरा बंद करून आणि समोरच्यांचे चेहरेही बंद करून फक्त ऐकली, तर तासाला शंभर एमबीच्या आत भागतं.

म्हणजे दिवसभर गाडी चालवून रात्री तासभर रील बघणाऱ्याला रोजचे १.५ जीबी पुरतात. रोज तीन तास मीटिंग असणाऱ्याचे २ जीबी मात्र दुपारीच संपतात. त्याने रोजच्या कोट्याचा नाद सोडून पोस्टपेड बघावं. तिथे महिन्याचा डेटा एकगठ्ठा मिळतो, आणि अनेक पॅकमध्ये उरलेला डेटा पुढच्या महिन्यात जातो. फिरतीवर वापर कधीच सारखा नसतो. चार दिवस रेंज नसते आणि पाचव्या दिवशी सगळं एकदम चढवायचं असतं. रोजच्या कोट्यात ते पहिल्या चार दिवसांचे जीबी वाया गेलेले असतात, ही त्या पॅकची खरी किंमत.

रोजचा कोटा संपला की बहुतेक पॅकमध्ये नेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे तासाभरात जेमतेम २९ एमबी. साधा मेसेज जातो, फोटो रडतखडत जातो, मीटिंग विसरा, आणि नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसेल तर तोही रखडतो. कोटा मध्यरात्री बारा वाजता नव्याने सुरू होतो, आणि रात्री काम करणाऱ्यांनी याचा फायदा घ्यावा: मोठी फाइल साडेअकराला आजच्या उरलेल्या कोट्यातून सुरू करायची आणि उरलेली बारानंतर उद्याच्या.

‘अमर्याद ५जी’ची गंमत नीट समजून घ्या. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हापासून जिओ आणि एअरटेलने ही सोय साधारणपणे रोज २ जीबी किंवा त्यावरच्या पॅकना ठेवली. पण अमर्याद आहे ते फक्त ५जीवर असताना. शहराबाहेर पडून फोन ४जीवर उतरला की तुमच्या २ जीबीतून कापायला सुरुवात होते, आणि हे फोन तुम्हाला सांगत नाही. पुणे-सातारा रस्त्यावर हॉटस्पॉट चालू ठेवून लॅपटॉपवर काम चाललंय, मधेच फोन ४जीवर गेला आणि कोटा संपला, हे नेहमीचं आहे. मुक्काम शहरांत असेल तर ५जीचा पॅक लाख मोलाचा. मुक्काम गावांत असेल तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

किंमत बघताना पॅकच्या रकमेला दिवसांनी भागा, एवढंच. २८ दिवसांचा पॅक महिन्याचा नसतो, वर्षात तो १३ वेळा मारावा लागतो. ट्रायच्या आदेशामुळे प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा असे पॅक ठेवावेच लागतात, पण ते ॲपमध्ये खाली कुठेतरी असतात. फिरतीवर ८४ दिवसांचा पॅक बरा, कारण रिचार्जची तारीख नेमकी रेंज नसलेल्या दिवशी येण्याची शक्यता तितकी कमी होते.

दुसरं सिम स्वस्तात कसं ठेवावं

दुसऱ्या सिमवर पूर्ण पॅक हवाच असं नाही, पण इथे एक खाच आहे. बऱ्याच डेटा व्हाउचरना (फक्त नेटच्या वेगळ्या रिचार्जना) मूळ पॅक चालू असावा लागतो. तो नसेल तर पैसे जातात आणि नेट सुरू होत नाही. व्हाउचर मारण्याआधी त्याच्या तपशिलात स्वतःची व्हॅलिडिटी दिलेली आहे, की ‘चालू पॅकइतकी’ असं लिहिलंय, ते वाचा. ‘चालू पॅकइतकी’ असेल तर मूळ पॅक लागतोच असं धरून चाला, आणि स्वतःची व्हॅलिडिटी असली तरी मूळ पॅक लागतो का, याची खात्री करून घ्या. २०२५ पासून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही द्यावे लागतात. दुसरं सिम केवळ अडीनडीला असेल, तर त्यावर असा पॅक आणि गरजेच्या दिवशी डेटा व्हाउचर हे गणित जमतं का, ते बघा.

सिम नुसतं जिवंत ठेवायचं असेल, तर प्रीपेडमध्ये ९० दिवस काहीच वापर झाला नाही की ते बंद होऊ शकतं. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून ३० दिवस वाढवून मिळतात. यात नंबर टिकतो, नेट मिळत नाही.

दोन्ही सिम एकाच फोनमध्ये असतील, तर एका वेळी एकाच सिमवर नेट चालतं. दुसऱ्या सिमवर कॉल आला की बऱ्याच फोनमध्ये पहिल्याचं नेट थांबतं आणि नकाशा गोठतो. सिमच्या सेटिंगमध्ये कॉल चालू असताना डेटा सिम आपोआप बदलण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. नेट हेच पोट असेल तर दुसरं सिम जुन्या फोनमध्ये किंवा खिशात मावणाऱ्या ४जी राउटरमध्ये घाला. राउटर घेताना तो कुठल्याही कंपनीचं सिम घेतो ना, ते विचारा. जिओफायसारखी उपकरणं आपल्याच कंपनीच्या सिमला बांधलेली असतात. घरासाठीचं एअरफायबर उचलून गाडीत ठेवण्याचा विचारही करू नका, ते जोडणीच्या पत्त्यासाठी असतं.

राउटर वापरताना एक चोरखड्डा आहे. जोडलेले फोन आणि लॅपटॉप त्याला घरचं वाय-फाय समजतात आणि फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट, विंडोजचे अपडेट असं सगळं एकदम ओढायला लागतात. लॅपटॉपमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड’ (मोजून मिळणारं नेट) करा आणि फोनमधला फोटोंचा बॅकअप हाताने बंद करा. हे पहिल्याच दिवशी केलं नाही, तर २ जीबी चहा होईपर्यंत संपतात.

रेंज आहे, पण नेट चालत नाही

फोनवर दिसणाऱ्या रेंजच्या दांड्यांवर विश्वास ठेवू नका. अँड्रॉइड फोनमध्ये ‘फोनविषयी’ या भागात सिमची स्थिती उघडली की सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. आकडा उणे असतो. उणे ९० पर्यंत उत्तम, उणे १०५ च्या आसपास काम भागतं, उणे ११५ च्या खाली गेलं की मीटिंग तुटणार. आकडा चांगला आहे आणि तरी नेट गोल गोल फिरतंय, तर टॉवरवर गर्दी आहे. ही गर्दी रात्री आठ ते अकरा सगळ्यांत वाईट, सकाळी सहाला तोच टॉवर सुसाट चालतो. गर्दीवर इलाज दुसऱ्या कंपनीचं सिम. सिग्नलच कमजोर असेल तर जागा बदला. ट्रक आणि व्हॅनचं पत्र्याचं अंग सिग्नल अडवतं, म्हणून राउटर डॅशबोर्डच्या खणात न ठेवता काचेला लावा, पण उन्हात नको. तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. बाहेरची अँटेना जोडता येणारा राउटर महाग पडतो, पण रोज आडगावात मुक्काम असेल तर पैसे वसूल होतात. जिथे मुळात टॉवरच नाही तिथे मात्र अँटेनाही काही करू शकत नाही.

५जीच्या काठावर फोन सतत ५जी-४जी अशी उडी मारतो, बॅटरी संपते आणि नेट दर वेळी काही सेकंद थांबतं. अशा पट्ट्यात सेटिंगमधून फोन ४जीवरच ठेवा. राज्य ओलांडल्यावर नेट एकदम गेलं, तर आधी ‘डेटा रोमिंग’ चालू आहे का ते बघा. देशात त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. मुंबई, नवी मुंबई, ठाणे-कल्याण हे एक दूरसंचार मंडळ आहे आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरं, त्यामुळे पुण्याच्या सिमला मुंबईत रोमिंगचं चिन्ह दिसलं तर घाबरू नका.

लडाख आणि जम्मू-काश्मीर

इथे मात्र नियमच वेगळा आहे. बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, कितीही मोठा पॅक असला तरी. पोस्टपेड चालतं. मनालीमार्गे जाताना हिमाचलात प्रीपेड चालू असतं आणि सरचू ओलांडून लडाखात शिरलं की बंद, म्हणून अनेकांना फोन बिघडला असं वाटतं. निघण्याआधी निदान दोन आठवडे एक नंबर पोस्टपेड करून घ्या आणि घरीच वापरून बघा. पुन्हा प्रीपेडवर येताना मध्ये थांबावं लागण्याचा काळ असतो, तो आधी विचारून ठेवा. गाडीवर चार-पाच जण असाल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची पोस्टपेड सिम गटात असावीत.

कंपनी बदलायची असेल तर तीही घरी असताना बदला. १९०० वर पोर्टचा मेसेज पाठवला की कोड येतो, तो चार दिवस चालतो (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत तीस). त्याच मंडळात पोर्टिंगला तीन कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या मंडळात पाच. प्रवासात सिम हरवलं आणि नवं काढलं तर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. म्हणजे बँकेचा ओटीपी नाही, डिझेलचे पैसे नाहीत. बँकेला जोडलेला नंबर नेटच्या राउटरमध्ये घालू नका, तो अंगावरच्या फोनमध्येच राहू द्या, आणि दुसऱ्या एखाद्या खात्याला दुसऱ्या सिमचा नंबर जोडून ठेवा.